३३ पैकी २५ सिटिंग झाली, तोंड पूर्ण आलंय. आठ दिवस थांबवावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार. वडील, वय ५८. डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, मानेतल्या गाठीही काढल्यात. त्यानंतर ३३ सिटिंग रेडिएशन (६६ ग्रे) आणि दर सोमवारी सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) असं ठरलं. आज शुक्रवारी २५ वं सिटिंग झालं, सिस्प्लॅटिनचे पाच डोस झाले. आठ सिटिंग उरलीत.

सध्याची स्थिती: तोंड पूर्ण आलंय, गालाच्या आत आणि जिभेच्या कडेला पांढरट थर आहे. लाळ घट्ट, थुंकली तरी तार तुटत नाही. आवंढा गिळताना कानापर्यंत कळ जाते. मानेची कातडी काळी पडून दोन ठिकाणी सोलवटलीय, तिथे ओलसर आहे. वजन ६१ वरून ५४.५ किलो. दिवसभरात दोन-तीन वाट्या वरणाचं पाणी, एक शहाळं, कपभर दूध, बस्स. औषधात पॅरासिटामॉल "दुखलं की घ्या" असं आणि तोंड बधीर करणारं जेल.

ते म्हणतात, "आठ दिवस शेक बंद ठेवू, तोंड बरं झालं की उरलेली घेऊ." डॉक्टर खंड नको म्हणतात, पण ओपीडीच्या गर्दीत पुढचं विचारायला सवडच मिळत नाही. पुण्यात भाड्याच्या खोलीवर आहोत: एक शेगडी, मिक्सर आहे, फ्रिज नाही. थांबलं तर नक्की काय बिघडतं आणि हे दिवस कसे काढायचे? गावाकडून हळद-तूप, कोरफड, मध असे सल्लेही रोज येतायत.

लिनॅक_रूम

थांबवू नका. कारण सांगतो, ते वडिलांनाही समजेल असं आहे.

रेडिएशनने रोज काही कॅन्सरपेशी मरतात. पण साधारण तीन-चार आठवड्यांनंतर उरलेल्या पेशी जास्त वेगाने वाढायला लागतात. म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यात रोजच्या डोसचा काही हिस्सा नुसती ही वाढ थोपवण्यातच खर्ची पडतो. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये एकूण कालावधी एक दिवसाने लांबला की आजार त्या जागी आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने कमी होते, असं धरतात. आठ दिवसांचा गुणाकार तुम्हीच करा.

दुसरं म्हणजे आठ दिवसांत तोंड बरं होईल ही अपेक्षाच चुकीची आहे. तोंडाच्या अस्तराचा नवा थर खालून वर यायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. आज जे दिसतंय ते गेल्या दोन आठवड्यांतल्या डोसचं फळ. उद्या बंद केलं तरी पुढचे पाच-सात दिवस तोंड असंच राहणार, आणि जरा बरं वाटू लागलं की पुन्हा मशीनवर. दुखणं तेवढंच, वर खंड पडला तो पडलाच.

सोमवारी विचारायची गोष्ट वेगळी आहे: सहावं सिस्प्लॅटिन द्यायचं का? पाच डोस झालेत. दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅमप्रमाणे चालू असेल, तर एकूण २०० झाले, आणि एवढी एकूण मात्रा साधारणपणे पुरेशी मानली जाते. क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला किडनीचा आकडा) वाढलं, पांढऱ्या पेशी उतरल्या किंवा कानात शिट्टी वाजायला लागली तर डॉक्टर सहावा डोस सोडून देतील. तो सोडला म्हणजे उपचार अर्धवट राहिला असं नाही. केमो सोडून रेडिएशन चालू ठेवतात. केमो चालू ठेवून रेडिएशन बंद, असं करत नाहीत. कानात आवाज येतो का हे वडिलांना आजच विचारा. पेशंट आपणहून सांगत नाहीत.

मशीन बिघडलं, सुट्टी आली किंवा ताप येऊन एखादा दिवस बुडाला, तर भरून काढायचे मार्ग असतात. शनिवारी जादा सिटिंग, नाहीतर एकाच दिवशी दोन, मध्ये किमान सहा तास ठेवून. तसं करणार का, हे विचारायला लाजू नका.

आता मास्कचं, म्हणजे सिटिंगला चेहरा-मान जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचं. साडेसहा किलो वजन गेलंय, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. मास्क सैल झाला असणार. हनुवटीखाली किंवा गालापाशी बोट सहज आत जातं का, आत मान हलवता येते का, हे वडिलांना विचारा आणि टेक्निशियनला स्पष्ट सांगा: "मास्क ढिला वाटतो." ते मशीनवरच्या स्कॅनमध्ये तपासतील. गरज पडली तर नवा मास्क, नवा सीटी होईल. प्लॅन बदलायला दोन-चार दिवस लागले तरी तोवर सिटिंग शक्यतो चालूच ठेवतात.

घट्ट लाळेमुळे मास्कखाली गुदमरल्यासारखं होतं. आत जाण्याआधी पाच मिनिटं सोड्याच्या पाण्याने चूळ भरून घ्या, हाताशी टिश्यू ठेवा. टेबलावर असताना उमासा आला तर हात वर करायचा. आम्ही कॅमेऱ्यातून सतत बघत असतो, मशीन तिथल्या तिथे थांबतं आणि राहिलेला डोस नंतर थांबला तिथून पुढे देता येतो. हे माहीत नसल्यामुळे लोक दात-ओठ खाऊन सहन करतात. आणि सिटिंगच्या आधी तास-दीड तास पोटात काही घालू नका. उताणं झोपून, चेहरा जखडलेला असताना उलटी होणं धोक्याचं.

वॉर्ड_सात

तोंड आणि दुखणं यावर लिहिते. डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण काय मागायचं हे कळलं की ओपीडीतली दोन मिनिटं पुरतात.

गुळणीचं पाणी: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट छोटा चमचा मीठ, सपाट छोटा चमचा खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नाही, इनोही नाही. त्यांत अ‍ॅसिड मिसळलेलं असतं, तोंडाची आग होईल. रोज सकाळी नवीन करायचं, रात्री उरलेलं टाकायचं. फ्रिज लागत नाही. जागेपणी दर दोन तासांनी, रात्री जाग आली तर तेव्हाही. पंधरा-वीस मिली तोंडात घेऊन अर्धा मिनिट हळू फिरवायचं, मान डाव्या-उजव्या बाजूला कलती करायची, मग सोडून द्यायचं. असं तीनदा. खळखळून गुळण्या करायला सांगू नका, आलेल्या तोंडाला तो धक्काच असतो. मीठ झोंबत असेल तर मीठ वगळा, सोडा ठेवा. लाळेची तार तुटते ती सोड्यानेच. दूध प्यायल्यावर लाळ आणखी चिकट वाटते. दूध बंद करू नका, प्यायल्यावर चूळ भरा.

लाळ घट्ट होण्याचं एक कारण अंगात पाणी कमी पडणं हेही आहे. रात्री डोक्याकडची बाजू दोन उशांनी उंच ठेवा, खोलीत पाण्याचं पातेलं उकळत ठेवून थोडी वाफ होऊ द्या. तोंडाजवळ धरून कडक वाफ नको.

ब्रश लहान मुलांचा, तोही गरम पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ केलेला. पेस्टही मुलांची. नेहमीच्या पेस्टमधला पुदिना आता तिखटासारखा लागतो. बाजारातले अल्कोहोलवाले माउथवॉश बंद. क्लोरहेक्सिडीन चालू असेल तर विचारा. रेडिएशनने आलेल्या तोंडाला त्याचा फायदा होत नाही, झोंबतं मात्र. त्याऐवजी बेंझिडामिन ०.१५ टक्के मिळतं: १५ मिली अर्धा मिनिट फिरवून थुंकायचं, झोंबलं तर निम्मं पाणी घालून. आधी सोड्याची चूळ, दहा मिनिटांनी हे. मिशरी किंवा तंबाखू चोरून चालू नाही ना, हे एकदा सरळ विचारून घ्या. "दातालाच लावतो" म्हणणारे बरेच असतात.

बधीर करणारं औषध (लिग्नोकेन २ टक्के) म्हणजे दुखण्यावरचा इलाज नव्हे, वीस मिनिटांची सवलत आहे. पाच-दहा मिली फिरवून थुंकायचं. गिळू देऊ नका. घसा बधीर झाला की ठसका लागून अन्न श्वासनळीत जातं, आणि बधीर गाल दाताखाली आला तरी कळत नाही. दोन वेळांमध्ये तीन तास हवेतच.

आता खरं म्हणजे जे चुकतंय ते "दुखलं की घ्या". या टप्प्यावर दुखणं चोवीस तास असतं, तर औषधही घड्याळावर हवं. पॅरासिटामॉलचं सिरप २५० मिलिग्रॅम प्रति ५ मिली असेल, तर १३ मिली म्हणजे ६५०. ते दर सहा तासांनी. त्याने भागणार नाही हे तुमच्या वर्णनावरून दिसतंय. सोमवारी नेमकं असं सांगा: "गोळी घेऊनही दहापैकी आठ दुखतं, आवंढा गिळता येत नाही, रात्री झोप नाही." पुढची पायरी ट्रॅमाडॉल, आणि त्यानेही नाही झालं तर मॉर्फीन. मॉर्फीनच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी असतात. झोपताना बहुधा दुप्पट मात्रा देतात, म्हणजे मध्यरात्रीचा डोस टळतो. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मॉर्फीनचं व्यसन लागेल ही भीती सोडा. तोंड भरलं की ते टप्प्याटप्प्याने उतरवतात. मात्र पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच (लॅक्टुलोज १५ ते ३० मिली रात्री), नाहीतर चौथ्या दिवशी पोट फुगून खाणं आणखी बंद होईल. इसबगोल नको, एवढं पाणी पोटात जात नाही तेव्हा ते आतच घट्ट बसतं. हाक मारून जाग येत नाही किंवा श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला, तर पुढचा डोस न देता थेट हॉस्पिटल.

डोस असा बसवा की खाण्याच्या आधी ३० ते ४५ मिनिटं पोटात गेलेला असेल.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक दुकानातून आणून देऊ नका. सिस्प्लॅटिन आधीच किडनीवर भार टाकतंय, त्यात पाणी कमी, त्यात ही गोळी, असं तिन्ही एकत्र आलं की क्रिएटिनिन वर जातं. पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असलेल्या जोडगोळ्याही यातच आल्या.

पांढऱ्या थराबद्दल: रेडिएशनचा थर चिकटून बसतो, खरवडला तर रक्त येतं. बुरशीचा थर दह्याच्या कवडीसारखा, पुसला तर बऱ्याचदा निघतो, आणि जिथे किरण जात नाहीत अशा जागीही दिसतो. दोन दिवसांत अचानक आग वाढली तर बुरशी धरून चाला. तुम्ही खरवडून बघू नका, टॉर्च लावून डॉक्टरांना दाखवा. फ्लुकोनॅझोलने ती आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. दोन्ही एकत्रही असतात.

ताप १००.४ फॅरनहाइट, तोंडातून ताजं रक्त, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, किंवा दिवसभरात लघवी अर्ध्या लिटरपेक्षा कमी आणि गडद: यापैकी काहीही झालं तर सोमवारची वाट बघू नका. तापाला आधी पॅरासिटामॉल देऊन झाकूही नका, मोजा आणि निघा.

कृष्णाकाठ

खूप आभार. कानात शिट्टी वाजते म्हणाले, गेले चार दिवस. सांगितलंच नव्हतं. सोमवारी पहिलं तेच सांगतो. खाणं देण्यासाठी नाकातून पोटात नळी घालायचं डॉक्टर गेल्या आठवड्यातच म्हणाले होते, पण बाबा अडून बसलेत. त्यांच्या मते नळी लागली म्हणजे माणूस संपत आला. आणि खोलीवर एका शेगडीत काय-काय करणार?

वाटी_चमचा

नळी आजारामुळे नाही, तोंडाच्या जखमेमुळे लागते. पाय मोडल्यावर कुबडी घेतात तशी. तोंड भरलं आणि तोंडाने खाऊन आठवडा-दोन आठवडे वजन टिकलं की काढतात. ऑपरेशननंतर नळी होतीच ना? तीच ती. हे त्यांना आठवून द्या.

आधी हिशेब. ५५ किलोच्या माणसाला या काळात दिवसाला १७०० ते १९०० कॅलरी, ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं आणि सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास पातळ पदार्थ लागतात. वरणाचं पाणी आणि शहाळं यातून यातलं फक्त पाणी मिळतं. वरणाच्या वरच्या पाण्यावर आपल्या लोकांची एवढी श्रद्धा का, मला कधी कळलं नाही. डाळ खाली राहते आणि पाणी पेशंटला. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर शहाळंही विचारूनच द्या, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

एका शेगडीवर होईल असं सांगते. मूळ फीड (नळीतून द्यायचं पातळ खाणं): फुल क्रीम दूध २०० मिली, साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे (१५ ग्रॅम), साखर दोन छोटे चमचे, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल एक छोटा चमचा. दूध उकळून कोमट करा, पावडर थोड्या दुधात कालवून मग मिसळा, शेवटी तेल, आणि मिक्सरमधून एकदा फिरवा. साधारण ३१५ कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. दिवसातून असं चार वेळा. म्हणजे बाराशेच्या वर कॅलरी इथेच झाल्या.

दोन वेळा नाचणी सत्त्व: दोन मोठे चमचे सत्त्व थंड पाण्यात कालवून शिजवायचं, मग दीडशे मिली दूध, साखर आणि तेल किंवा तूप एक चमचा. सत्त्व मोड आणलेल्या नाचणीचंच घ्या. मोडामुळे स्टार्च तोडणारं एन्झाइम तयार होतं, त्यामुळे तेवढंच पीठ शिजल्यावर पातळ राहतं आणि नळीत अडकत नाही. साध्या नाचणीच्या पिठाची खळ होते.

एक वेळ मऊ मुगाची खिचडी आणि एक पूर्ण उकडलेलं अंडं, दोन चमचे तेल, कोमट पाणी घालून बारीक वाटून चहाच्या गाळणीतून आणि नंतर फडक्यातून गाळून. कच्चं अंडं अजिबात नको. अंडं चालत नसेल तर दोन मोठे चमचे डाळ्याचं पीठ शिजवून. मधुमेह असेल तर साखर काढा आणि त्या जागी तेल वाढवा.

एकदम सगळं सुरू करू नका. इतके दिवस पोट रिकामं आहे, पहिल्या दिवशी निम्मं, तीन-चार दिवसांत पूर्ण. रक्तात पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस बघायला सांगा. उपाशी माणसाला एकदम भरलं की हे उतरतात, आणि सिस्प्लॅटिनने मॅग्नेशियम आधीच उतरलेलं असतं. जुलाब झाले तर आधी साखर निम्मी करा आणि फीड हळू द्या, दूध तोडायची घाई नको. फ्रिज नाही म्हणून प्रत्येक फीड त्या त्या वेळी. केलेलं दोन तासांनंतर टाका, उकाडा असेल तर तासाभरात.

नळीतून देताना चुका होतात त्या इथे. नळी बसवली की नाकाच्या कडेला मार्करने खूण करून घ्या. प्रत्येक वेळी आधी ती खूण जागेवर आहे का बघा. सरकली असेल तर काही घालू नका, हॉस्पिटल गाठा. पेशंट ताठ बसलेला हवा, नंतरही ३० ते ४५ मिनिटं आडवं व्हायचं नाही. ५० मिलीची सिरींज, दट्ट्या काढून, डोक्याच्या थोडी वर धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं. २५० मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. दट्ट्याने ढकललं की पोट गच्च होतं आणि उलटी. आधी ३० मिली पाणी, नंतर ३० मिली पाणी. हे नंतरचं पाणी विसरलं की दूध आत फाटून नळी बंद होते. बंद झालीच तर कोमट पाणी सिरींजने हळूहळू आत-बाहेर करा. तार घालू नका. गोळ्या वेगळ्या कुटून, वेगळ्या पाण्यातून, एकेक. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर किंवा सीआर आहे ती कधीही कुटायची नाही, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. मॉर्फीनच्या बाबतीत हे जीवावर बेतेल.

फीड देताना खोकला सुरू झाला तर थांबा. खोकला थांबत नसेल, श्वास लागला तर पुढचं देऊ नका.

नळी असली तरी दिवसातून सहा-सात वेळा चमचाभर पाणी तोंडाने गिळवा (ठसका लागत नसेल तरच). गिळण्याचे स्नायू तीन आठवडे न वापरता ठेवले की नंतर पुन्हा शिकवावे लागतात.

माळीवाडा

कोरफड आणि मधाचा प्रश्न राहिला, कृष्णाकाठ यांनी विचारला होता. आमच्याकडेही हेच चाललंय. मानेला कोरफडीचा गर लावू का?

वॉर्ड_सात

मध: यातलं एवढं एकच घरगुती ज्याला थोडा आधार आहे. सिटिंगच्या आधी पंधरा मिनिटं, नंतर पंधरा मिनिटांनी आणि सहा तासांनी, २० मिली तोंडात फिरवून हळूहळू गिळायचा, असं करून पाहिलेलं आहे. पण ते तोंड येऊ नये म्हणून, सुरुवातीपासून. २५ व्या सिटिंगला सुरू करून चमत्काराची वाट बघू नका. मधुमेह असेल तर नाहीच, आणि दातांवर तो तसाच राहू द्यायचा नाही. हळद-तूप तोंडाला लावून उपयोग दिसत नाही, सोलवटलेल्या मानेवर तर घाण बसते आणि खाली काय चाललंय ते दिसेनासं होतं.

झाडाची कोरफड मानेवर नको. पानाच्या सालीखालचा पिवळा चीक कातडीला खाज आणतो, आणि कापलेला गर निर्जंतुक नसतो.

मानेचं असं करा. कोरड्या, काळ्या भागाला रोज कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो. चोळायचं नाही, मऊ सुती कापडाने टिपायचं. नंतर वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर, पातळ. सिटिंगच्या तोंडावर जाड थर नको. जाड क्रीममुळे कातडीच्या वरच्या थरात डोस वाढतो, शिवाय मास्क चिकटतो.

ओलसर भागाला मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या: अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट छोटा चमचा मीठ. स्वच्छ गॉज त्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीन-चारदा. मग टिपून, डॉक्टरांनी दिलेली सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम पातळ लावायची, तीही त्या दिवसाचं सिटिंग झाल्यावर. दुसऱ्या दिवशी जायच्या आधी मिठाच्या पाण्याने पूर्ण धुवून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. पट्टी लावायची तर चिकटणारी नको, पॅराफिन गॉज वापरा आणि वरून सैल सुती कापड. चिकटपट्टी त्या कातडीवर अजिबात नको, काढताना कातडीच निघून येते. अजूनही काही ठिकाणी जांभळं औषध लावतात. जखम सुकते खरी, पण खपली कडक होऊन मान वळवली की फुटते.

कॉलरचा शर्ट बंद, बंडी किंवा जुना मऊ सदरा. दाढी थांबवा. टाल्कम पावडर, अत्तर, तेल नको. उन्हात जाताना सैल पंचा मानेवर, बसमध्ये खिडकीची जागा टाळा. पिवळा-हिरवा पू, वास, किंवा लाली किरणांच्या भागाबाहेर पसरली तर दाखवा.

जबडा_उघडा

एक राहिलं. गालाचं ऑपरेशन, त्यात रेडिएशन, आणि गुटख्याची सवय असेल तर जबडा आधीच आखडलेला. आता तोंड आलंय म्हणून व्यायाम बंद केला, तर दोन महिन्यांनी चमचाही आत जाणार नाही, आणि तेव्हा मागे फिरणं फार कठीण. समोरच्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. ३५ मिमी किंवा कमी म्हणजे आखडलंय असं धरतात. दुखण्याचं औषध घेतल्यावर पाऊण तासाने, सोड्याची चूळ भरून: जेवढं उघडतं तेवढं उघडून ३० सेकंद धरा, सोडा. असं पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये धरायची युक्ती चांगली आहे, पण आत्ता जखमेवर कडा लागतात. नुसत्या उघडझापीवर भागवा, काड्या तोंड भरल्यावर. आणि हलणारा दात कोणाकडूनही उपटून घेऊ नका. किरण बसलेल्या जबड्यात दात काढला तर हाड नीट न भरण्याचा, सडण्याचा धोका असतो. आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. हे पुढे आयुष्यभर.

कृष्णाकाठ

अपडेट: सहावं सिस्प्लॅटिन रद्द केलं. क्रिएटिनिन १.५. रोज सलाईन लावतायत, नळीही बसवली. मॉर्फीन कमी डोसवर सुरू, लॅक्टुलोजसकट. मास्क ढिला निघाला, उद्या नवीन करतायत, सिटिंग चालू आहे. शेवटचं पुढच्या बुधवारी. गुरुवारी सकाळी गावाला निघालो तर चालेल ना? बाबांना घर हवंय.

लिनॅक_रूम

शक्य असेल तर दहा-बारा दिवस थांबा. शेवटचं सिटिंग झालं तरी तोंड आणि मान लगेच उताराला लागत नाही. आतापर्यंतचे डोस अजून वर यायचेत. बुधवारनंतरचा आठवडा-दीड आठवडा सगळ्यात वाईट असतो, आणि नेमका तेव्हाच पेशंट हॉस्पिटलपासून लांब असतो. "आता तर संपलं, मग दुखणं वाढतंय कसं?" म्हणून लोक घाबरतात, नाहीतर आजार परत आला असं समजतात. मानेची ओल दोन ते चार आठवड्यांत सुकते. तोंड भरायला शेवटच्या सिटिंगपासून चार-सहा आठवडे, कधी आठ. चव यायला काही महिने. थकवाही बरेच दिवस रेंगाळतो.

जायचंच असेल तर गावाजवळ रात्री सलाईन लावता येईल असं ठिकाण आधी बघून ठेवा. आठ-दहा दिवसांनी तपासणीची तारीख घेऊनच निघा.

वॉर्ड_सात

आणि निघताना हे हातात असू द्या: किती ग्रे, किती सिटिंग, सिस्प्लॅटिनचे किती डोस हे लिहिलेला कागद. शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट. नळीचा नंबर, बसवल्याची तारीख, बदलायची तारीख. ५० मिलीच्या दोन सिरींज. क्रिएटिनिन १.५ आहे तर मॉर्फीन अंगात साचतं, म्हणून गावी कोणीही डोस वाढवून दिला तर आधी पुण्याच्या हॉस्पिटलला फोन करा. आणि मॉर्फीनच्या गोळ्या पुढच्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या, मोजून, चिठ्ठीसकट घ्या. तालुक्याच्या मेडिकलमध्ये त्या मिळत नाहीत, हे लोकांना शनिवारी रात्री कळतं.